तक्रार पेटीत चिठ्ठी टाकता न येणाऱ्या पोरांसाठी : सांगली जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक आणि माध्यमिक), जिल्हा परिषद, सांगली
सगळे गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक
आणि गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य

साहेब, मॅडम, सर, नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झालं आणि त्यानंतर शासनानं जीआर काढला, शाळेत सीसीटीव्ही बसवा, तक्रार पेटी लावा, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती करा, काही घडलं तर चोवीस तासांत वर कळवा. ते गरजेचंच होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. आमच्या शाळेत पण ऑफिसच्या दाराशेजारी पेटी लागली, कुलूप घालून, मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पेटी बघितली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, आमचं बारकं या पेटीत काय टाकणार?

तो अकरा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर धरून चालतो, बोटं वळत नाहीत त्यामुळं पेन धरता येत नाही, आणि बोलतो पण ते आम्हा घरच्यांनाच कळतं. समजतं मात्र त्याला सगळं, कोण मायेनं हाक मारतंय आणि कोण हिडीसफिडीस करतंय ते मोठ्या माणसाआधी त्याला कळतं.

आणि हे काय एकट्या त्याचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत. डोळ्यांनी दिसत नाही त्या मुलीला पेटी कुठं टांगलीय हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि तिनं ब्रेलमध्ये लिहून टाकलं तर वाचणार कोण? ऐकू येत नाही त्या पोराला खुणांची भाषा येते पण लिहायचं मराठी बऱ्याचदा कच्चं राहतं, कारण ती भाषा त्याच्या कानावर कधी पडलेलीच नसते. आणि बौद्धिक दिव्यांग मुलाला आपल्याबरोबर झालं ते चुकीचं होतं, ते कुणाला तरी सांगायचं असतं, हेच कुणी शिकवलेलं नसतं. म्हणजे तक्रारीची सगळी सोय आपण बोलत्या-लिहित्या पोरांसाठी केलीय, आणि ज्यांना कुणीपण दाबू शकतं, ज्यांना उठून पळता येत नाही, ज्यांच्या वतीनं कुणी साक्ष देणार नाही असं समोरच्याला खात्रीनं वाटतं, त्या पोरांना ती सोय बंद आहे. मला तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगायचंय की पोरगं सांगत नाही म्हणजे काही झालं नाही असं धरू नका, आणि ते त्याच्या पद्धतीनं सांगायला लागलं तर ते समजून घ्यायची जबाबदारी शाळेची आहे, पोराची नाही.

आमच्याकडं काय झालं ते सांगते, शाळेचं आणि कुणाचं नाव घेणार नाही कारण कुणाची बदनामी करायला हे लिहीत नाहीये. मागच्या वर्षी दिवाळीनंतर पोरगं रात्री वॉकर खाटेजवळ ओढून घ्यायला लागलं आणि एका हातानं त्याची दांडी धरूनच झोपायचं. आधी असं कधी करत नव्हतं. सकाळी युनिफॉर्म बघितला की हातपाय ताठ करायचं, दफ्तरात ओली पँट पिशवीत घालून परत यायची, आणि शाळेत विचारलं तर "आज लक्ष नव्हतं त्याचं, झाली कपड्यात" एवढंच उत्तर. त्याला विचारलं तर तो वॉकरकडं बोट करायचा आणि मग हात वर करायचा, परत बोट, परत हात वर. आम्हाला वाटलं वॉकर लहान पडतोय, उंची वाढवून मागतोय. शेवटी त्याच्याच वर्गातल्या एका पोरीनं चक्कीपाशी मला सांगितलं, "काकू, बाई त्याची गाडी कपाटावर ठेवत्यात, मधल्या सुट्टीतपण देत न्हाईत." तो वर्गात मधेमधे उठतो, वॉकरचा आवाज होतो, इतर मुलांचं लक्ष जातं, म्हणून सकाळी आला की वॉकर काढून कपाटावर, आणि संध्याकाळी घरी जाताना परत. दिवसभर पोरगं एका जागी. शू लागली तर सांगणार कसं आणि जाणार कसं? हात वर म्हणजे कपाट, एवढं साधं होतं ते.

शाळेत गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले बाईंचा हेतू वाईट नव्हता, पडून लागलं असतं तर तुम्हीच आम्हाला बोलला असता. मग म्हणाले तुम्हीच का नाही थांबत शाळेत दिवसभर. आणि मग ते वाक्य आलं जे या जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या प्रत्येक आईनं ऐकलेलं असणार, "ताई, याला स्पेशल शाळेतच घाला, त्याच्याच भल्याचं सांगतोय." समितीच्या मिटिंगला ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असणारे एक दादा सदस्य आहेत, ते सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "बाईंचा चष्मा काढून कपाटावर ठिवला तर बाई फळ्यावर लिवतील का?" त्यानंतर वॉकर त्याच्या बाकाशेजारी राहायला लागला. त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही, पण माझ्या पोराचं चालणं एका भल्या माणसाच्या एका वाक्यावर अवलंबून असावं का?

कारण कायदा आधीपासून आहे साहेब. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ वाचा. दिव्यांग माणसाच्या अवयवाच्या, इंद्रियाच्या किंवा आधाराच्या साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आणि वर दंड. वॉकर, व्हीलचेअर, कानाचं मशीन, पांढरी काठी, सगळं त्यात आलं. कानाचं मशीन "हरवेल" म्हणून ऑफिसात काढून ठेवणं पण त्यातच येतं. त्याच कलमात आहे की चार लोकांसमोर दिव्यांग माणसाचा हेतुपुरस्सर अपमान करणं गुन्हा आहे. आणि ज्याच्या ताब्यात दिव्यांग माणूस आहे त्यानं जाणूनबुजून त्याला अन्नपाणी न देणं, हा पण गुन्हा. हे तिसरं वाचून मी थांबले, कारण आमच्या पालकांच्या ग्रुपवर किती जणींनी लिहिलंय की शाळेतनं सांगतात, याला सकाळी पाणी पाजून पाठवू नका, शूला न्यायला माणूस नाही. मे महिना तोंडावर आलेला, आटपाडी-जतकडचं ऊन, पत्र्याचे वर्ग, आणि पोरगं दुपारपर्यंत कोरडं. ज्यांनी सांगितलं त्यांना हे क्रूर वाटतसुद्धा नाही, सोयीचं वाटतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मारहाणीबद्दल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी, सगळ्या मुलांसाठी. हे शिक्षकांना माहीत असतं. पण दिव्यांग पोराच्या बाबतीत मारण्याला वेगळी नावं पडतात. ओढणीनं बाकाला बांधलं तर "सेफ्टीसाठी", अंधाऱ्या खोलीत एकटं बसवलं तर "शांत व्हायला", हात पिरगाळला तर "कंट्रोल केलं". आणि वर्गातली पोरं बघून शिकतात. लंगड्या, बहिऱ्या, येड्या ही नावं पोरं आईच्या पोटातनं शिकून येत नाहीत. बाईंनी एकदा जरी वैतागून "ए येड्या" म्हटलं की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तेच म्हणणार, मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी, एसटी स्टँडवर.

आता ओळखायचं कसं, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण मुख्याध्यापकांना खरी मदत इथंच होईल. चालताना तोल जाणारं पोर पडतंच, त्याच्या गुडघ्याला, हनुवटीला, कपाळाला, कोपराला खरचटलेलं असतं. पण कानावर, मानेवर, पाठीवर, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला, दंडावर बोटांसारखे वळ असले तर ते पडून झालेलं नसतं बहुतेक वेळा. मनगटावर किंवा घोट्याभोवती गोल रेघ असली तर बांधल्याची शंका घ्या. आणि अंगावर काहीच नसलं तरी वागणं बदलतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, ठराविक माणूस समोर आला की अंग चोरतं, कुणी नुसता हात वर केला तरी डोकं खाली घालतं, स्वतःला मारून घेतं, चावून घेतं, जेवण सोडतं, ठराविक वारी शाळेला नको म्हणतं. ठराविक वार असेल तर त्या दिवशी कुणाचा तास असतो, व्हॅनवर कोण असतं, हे बघा. नेहमी काय म्हटलं जातं? "त्याच्या आजारातच आहे ते." पोरगं दिव्यांग आहे म्हणून त्याच्या प्रत्येक वागण्याचं कारण दिव्यांगत्वच असतं असं नाही. वागणं अचानक बदललं असेल तर आधी काय घडलं ते शोधा, औषध वाढवायचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट, तुमच्या फिरत्या विशेष शिक्षकांनी बनवलेले चित्रांचे तक्ते. न बोलणाऱ्या पोरांसाठी ते फार उपयोगाचे आहेत, आमच्या पोराला त्यानंच पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागता आलं. पण मी जेवढे तक्ते बघितले त्यात पाणी, जेवण, शू, शी, खेळ, झोप, घर, आई, बाई एवढीच चित्रं. नको हे चित्र नव्हतं. थांब नव्हतं. दुखतंय, मारलं, भीती वाटते, मला सांगायचंय, यातलं एकपण नाही. शरीराच्या अवयवांची चित्रं होती पण ती पोटापर्यंत येऊन थेट पायावर जातात, मधलं काही नाही, कारण आपल्याला लाज वाटते. मग पोरानं दाखवायचं कशावर बोट ठेवून? शाळेतल्या माणसांचे फोटो पण तक्त्यात नाहीत, शिपाईमामा, व्हॅनवाले काका, खिचडीच्या मावशी, सगळ्यांचे पाहिजेत. आम्ही घरी जुन्या पुठ्ठ्यावर असा तक्ता केला, मोबाईलवर फोटो काढून झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट मारली, लॅमिनेशन केलं. खर्च काहीच नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं "नको" वर इतक्या वेळा बोट ठेवलं की घरात सगळ्यांना त्रास झाला, आंघोळ नको, भात नको, आज्जीचा पापा नको. मी म्हटलं ठेवू दे. या पोरांना लहानपणापासून थेरपीत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं फक्त ऐकायला शिकवलेलं असतं, हात दे, तोंड उघड, कपडे काढ, गप बस. कुणीपण येऊन अंगाला हात लावतं आणि त्यांनी लावू द्यायचा असतो. नको म्हणायची सवय नसलेलं पोर वाईट माणसाच्या हाती लागलं तर ते तिथं पण ऐकणारच ना.

निवासी शाळांचं अजून अवघड आहे. कोरडवाहू भागातनं ऊसतोडीला, मजुरीला बाहेर पडणारे आईबाप पोराला मूकबधिर नाहीतर मतिमंद निवासी शाळेत ठेवतात, दुसरा इलाजच नसतो, आणि चांगलं काम करणाऱ्या निवासी शाळा आहेतच, मी त्यांना दोष देत नाही. पण विचार करा, ऐकू न येणारी मुलगी शाळेत खुणांची भाषा शिकते, घरी आईबापाला ती भाषा येत नाही. म्हणजे सगळ्या जगात तिचं बोलणं ज्यांना कळतं ती माणसं फक्त त्या शाळेतली. उद्या त्या शाळेतल्याच कुणीतरी त्रास दिला तर ती सांगणार कुणाला? आणि पोलीस आले तरी दुभाषी म्हणून कुणाला बोलावणार, त्याच शाळेतल्या शिक्षकाला. पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, यावर तोड आहे. कलम २६ प्रमाणं पोलिसांना दिव्यांग मुलाचा जबाब घेताना आणि कलम ३८ प्रमाणं कोर्टाला त्याची साक्ष घेताना विशेष शिक्षक किंवा त्याच्याशी संवाद साधता येणाऱ्या जाणकाराची मदत घेता येते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणं जिल्हा बाल संरक्षण कक्षानं दुभाषी, विशेष शिक्षक, तज्ज्ञ यांची यादी ठेवायची आहे. शिक्षण खात्याला माझी विनंती की ही यादी सांगली, मिरजेपुरती न राहता जत, शिराळा, कवठेमहांकाळपर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक निवासी शाळेच्या नोटीस बोर्डवर लावून घ्या, आणि त्या यादीतला माणूस ज्या शाळेची तक्रार आहे तिथला नसावा एवढं बघा. निवासी शाळेत महिन्यातनं एकदा बाहेरचा खुणांची भाषा जाणणारा माणूस येऊन पोरांशी एकट्यात बोलला पाहिजे, दाराबाहेर अधीक्षक उभे नसताना.

रोजच्या शाळेत जास्त धोका कुठं असतो तर जिथं दार बंद होतं तिथं. संडास-बाथरूम, कपडे बदलणं, व्हॅनमधलं शेवटचं पोर. ज्याला शूला न्यावं लागतं त्याला कोण नेणार हे आधी ठरलेलं पाहिजे, लेखी, आणि आईबापाला माहीत पाहिजे. मुलीला बाईमाणसानंच न्यायचं. नेताना दुसऱ्या कुणाला तरी सांगून जायचं, आतनं कडी घालायची नाही, पडदा ठेवा, पोराची लाज पण राहिली पाहिजे. किती वाजता नेलं, कोणी नेलं, एवढी एक वही. यात मावशींवर संशय नाही, उलट मावशींवर उद्या खोटा आळ आला तर ती वहीच त्यांच्या बाजूनं बोलेल. व्हॅनमध्ये दिव्यांग पोराला सगळ्यात शेवटी सोडू नका, ड्रायव्हर आणि ते पोर एवढेच दोघं गाडीत राहतील असा रूट करू नका, याला पैसे लागत नाहीत.

आणि एवढं करून काही घडलंच तर? आज काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात बैठक बसते, गावातली चार माणसं बोलावतात, शाळेचं नाव खराब होईल, बाईंचं निवृत्तीला दोनच वर्षं राहिलंय, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय, आणि मिटवामिटवी होते. साहेब, लैंगिक त्रासाच्या बाबतीत मिटवायचा अधिकार कुणालाच नाही, मुख्याध्यापकाला नाही, समितीला नाही, आईबापाला पण नाही. पोक्सोचं कलम १९ सांगतं की ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच, नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणं शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. आधी खात्री करून घेतो, चौकशी करतो, मग कळवतो, असं करत बसायचं नाही, शंका आली तरी कळवायचं. चौकशी पोलीस करतील. शाळेनं पोराला परत परत विचारून हैराण करू नये, आणि "अमक्यानं केलं ना?" असं नाव तोंडात घालून तर अजिबात विचारू नये, कोर्टात तेच अंगाशी येतं. पोरानं जे सांगितलं, दाखवलं, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच खुणांत लिहून ठेवायचं, वेळ आणि तारीख घालून. अंगावर खुणा असतील तर फोटो काढायचे आणि ते फक्त पोलीस आणि डॉक्टरलाच दाखवायचे, ग्रुपवर टाकायचे नाहीत. कपडे धुवायचे नाहीत. सिव्हिलला न्यायचं, एफआयआर झाली नसली तरी पोक्सोखाली तपासणी करता येते, कागद आणल्याशिवाय हात लावणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानं, युनिफॉर्ममध्ये न येता, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो. पोराचं नाव बाहेर फोडायचं नाही, शाळेच्या ग्रुपवर तर नाहीच नाही.

मारहाण, उपाशी ठेवणं, बांधणं, छळ, यासाठी अजून एक रस्ता आहे जो या जिल्ह्यात फार कमी लोकांना माहीत असेल. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणं कुणीही माणूस किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते, म्हणजे आपल्याकडं तहसीलदार किंवा प्रांत. त्रास झालाय, होतोय किंवा होण्याची शक्यता आहे, तिन्हीसाठी. आईबापच पाहिजेत असं नाही, शेजारी सांगू शकतो, शिक्षक सांगू शकतो. आणि दंडाधिकाऱ्यानं ताबडतोब थांबवायला पावलं उचलायची आहेत. आपण सातबाऱ्याला, उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलला जातो, या कामाला पण जाता येतं. पोलिसांनी पण तक्रार आल्यावर या अर्जाची, जवळच्या संस्थेची आणि मोफत वकिलाची माहिती द्यायची असते. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं मिळतो, मुलाला आणि दिव्यांग माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. रात्रीबेरात्री मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ आहे, तातडीच्या मदतीचा ११२ आहे.

आणि "याची साक्ष कोण धरणार" हे तर बोलूच नका. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं पाटन जमाल वली खटल्यात स्पष्ट सांगितलं, माणूस दिव्यांग आहे एवढ्याच कारणानं त्याची साक्ष कमी दर्जाची धरता येत नाही. त्यातली पीडित मुलगी दृष्टिहीन होती, तिनं आरोपीला आवाजावरनं ओळखलं, आणि कोर्टानं ते मानलं. मग आमच्या गावातली समिती "पोरगं काहीतरीच दाखवतंय" म्हणून कशी काय उठून जाते?

तक्रार केली की दाखला हातात ठेवायची धमकी मिळते, हे पण बंद झालं पाहिजे. आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतनं काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. घरी राहून शिक्षण हा पर्याय तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे आणि तो त्या मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नाही. तक्रारीनंतर महिन्याभरात एखाद्या पोराचं नाव घरच्या शिक्षणाच्या यादीत गेलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः त्या घरी जाऊन का ते विचारावं. त्रास ज्यानं दिला त्याला त्या पोरापासून लांब करा, पोराला शाळेपासून नको.

शिक्षकांबद्दल पण बोलते, नाहीतर एकतर्फी होईल. एका बाईंकडं दोन-दोन वर्ग, ऑनलाईन माहिती भरणं, खिचडीचा हिशोब, निवडणुकीचं काम, आणि त्यात आमचं पोरगं, ज्याच्याबद्दल त्यांना कुणी काही शिकवलेलं नाही. चिडचिड होणार. सुप्रीम कोर्टानंच ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागं एक आणि त्यापुढं पंधरामागं एक विशेष शिक्षक पाहिजे. आमच्या भागात एक फिरते सर कित्येक शाळा बघतात, ते येतात तेव्हा पोरगं आनंदानं ओरडतं, पण परत कधी येणार ते त्यांनाही सांगता येत नाही. ही पदं भरून घ्या, त्यासाठी मंत्रालयात भांडायचं असेल तर आम्ही पालक तुमच्या बाजूनं सह्या करून देतो. पण माणूस कमी आहे म्हणून पोराला बांधून ठेवलं, हे चालणार नाही. ज्या बाईंना जमत नाही त्यांना "मला मदत पाहिजे" असं वर कळवता आलं पाहिजे, आणि कळवलं म्हणून त्यांना कुणी नालायक ठरवू नये.

३ डिसेंबरला दिव्यांग दिन होतो, रॅली निघते, आमच्या पोरांना हार घालतात, फोटो निघतात. त्या दिवशी प्रत्येक शाळेत एवढं एक करा, मुलानं स्वतः निवडलेलं एक माणूस ठरवा. कुणाजवळ जाऊन सांगावंसं वाटतं ते त्यालाच विचारा, तक्त्यावरचा फोटो दाखवून. ते मुख्याध्यापक नसतीलही, खिचडीच्या मावशी असतील, पीटीचे सर असतील. त्या माणसाला काय करायचं ते शिकवा, आणि आठवड्यातनं दहा मिनिटं पोराबरोबर बसायला वेळ द्या.

आणि समितीत आम्हाला जागा द्या. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, आणि वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्या घटकात धरलीत. ज्या शाळेत आमची पोरं आहेत तिथं आमच्यातली एक तरी आई नाहीतर बाप त्या खुर्चीवर पाहिजे, नुसता सहीला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचं प्रशिक्षण असतंच. त्यात एक दिवस यासाठी ठेवा, तालुक्याच्या ठिकाणी, आणि तिथं पालकांना, फिरत्या शिक्षकांना, बाल संरक्षण कक्षातल्या माणसाला आणि तहसील ऑफिसातल्या कुणाला तरी एकत्र बसवा. चित्रांचा तक्ता आम्ही बनवून आणतो, त्यात काय काय चित्रं पाहिजेत ते पण लिहून देतो, छपाई तेवढी जिल्हा परिषदेनं करावी म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना प्रत्येक न बोलणाऱ्या पोराच्या दफ्तरात तो जाईल. तारीख ठरली की केंद्रप्रमुखांमार्फत पालकांच्या ग्रुपवर कळवा, पलूस, तासगाव, विट्याकडनं आम्ही येतो, फक्त जागा तळमजल्यावरची बघा, बरीच जणं पोरं घेऊन येतील.

आपली,
दिव्यांग मुलाची आई
पलूस तालुका, जि. सांगली